मोटारीचा ब्रेक आणि घरचे हात

मोटार चालविण्याची विद्या अवगत असलेलीं माणसें आज बहुतेक सुशिक्षित घरांत दोन-तीन तरी निघतात. परंतु चालती मोटार थांबते कशी, हें नीट सांगूं शकणारें माणूस चार घरें धुंडाळलीं तरी मिळणें कठीण. गाडी घेतांना तिचा रंग, तिला पेट्रोल किती लागतें, आंतील गारवा, मागें सामान किती मावेल, या सर्वांची चिकित्सा आजीपासून नातवापर्यंत सारे करितात. दसऱ्याच्या दिवशीं दादरच्या फुलबाजारांतून आणलेली झेंडूची माळ तिला मोठ्या भक्तिभावानें घातली जाते. पण पुढच्या चाकांतील ज्या चार लहानशा वड्यांवर घरांतील पांच-सहा जिवांचा भार प्रत्येक सिग्नलपाशीं टाकलेला असतो, त्या ब्रेकच्या पॅडकडे वर्षांतून एकदां तरी वांकून पाहिलें आहे, असें सांगणारा गृहस्थ विरळा.

पॅड बदलण्याचें काम मेकॅनिकचें, तें आपलें नव्हे, अशी बहुतेकांची समजूत असते. ती सर्वस्वीं चुकीची नाहीं. ब्रेकच्या कामांत कांहीं भाग असे आहेत कीं त्यांना घरीं हात लावूं नये, आणि ते कोणते हें पुढें सांगणारच आहों. पण पुढच्या चाकांचे झिजलेले पॅड काढून नवे बसविणें हें काम सपाट जागा, योग्य हत्यारें व दोन-अडीच तासांचा निवांतपणा असेल, तर कोणत्याहि समंजस व शिस्तीच्या माणसास जमण्यासारखें आहे. आणि स्वतः न केलें तरी तें कसें होतें हें एकदां पाहून ठेवल्यानें, गॅरेजांत उभे राहून चार नेमके प्रश्न विचारण्याची पात्रता तरी येतेच.

प्रथम ब्रेक करितो काय, तें पाहूं. तो गाडीची गति गिळून टाकीत नाहीं; तिची उष्णता करितो. माणसें व सामान धरून १३०० किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर सुमारें १ लाख ८० हजार जूल इतकी ऊर्जा कोठें तरी जावीच लागते. एवढ्या उष्णतेनें एक लिटर पाणी सुमारें ४३ अंशांनीं तापेल. आणि हा ताप बहुतांशीं पुढच्या दोन चाकांतील लोखंडी तबकड्यांना चार-पांच सेकंदांत सोसावा लागतो, कारण थांबतांना गाडीचा भार पुढें झुकतो. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ३० चा वेग ६० झाला म्हणजे ब्रेकवरचें काम दुप्पट नव्हे, चौपट होतें. रात्रीं मोकळ्या रस्त्यावर ‘थोडासाच’ वेग वाढविणाऱ्या घरांतील तरुणांना हा एवढा गुणाकार कोणी तरी बसवून शिकवावा.

हाच हिशेब घाटांत मांडून पाहावा. सुटीला पुण्याकडे जाऊन परततांना खंडाळ्याहून खोपोलीकडे गाडी सुमारें ५०० मीटर खालीं उतरते. तीच १३०० किलोची गाडी इतकी खालीं आली कीं जवळजवळ ६४ लाख जूल ऊर्जा सुटते. म्हणजे ६० च्या वेगावरून पस्तीस वेळां पूर्ण थांबण्याइतकें काम. हें सारें ब्रेकवर टाकलें तर तबकडी व पॅड इतके तापतात कीं पाय दाबला तरी पकड सुटते. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ सालीं सुरू झाला तेव्हां त्याच्या उताराची भीति ती बांधणाऱ्या इंजिनियरांना पुरी ठाऊक होती. कांहीं ठिकाणीं तो ३७ फुटांस एक फूट असा तीव्र आहे. म्हणून आवरेनाशा झालेल्या गाडीला बाजूच्या चढावर घालून थांबवितां यावें, अशा खास पट्ट्या त्यांनीं घाटांत काढल्या. मोटारवाल्यानें दुसऱ्या गिअरमध्यें उतरावें आणि उतरणीचें पुष्कळसें ओझें इंजिनाकडे सोंपवावें, हाच त्याचा उपाय. आणि झिजलेल्या पॅडांनीं घाटांत जाऊं नये, हें त्याच्याहि आधींचें पथ्य.

रचना तशी सोपी आहे. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्यासारखें धरणारें एक घर, ज्याला कॅलिपर म्हणतात, आणि त्या चिमट्याच्या आंत समोरासमोर बसविलेले दोन पॅड. पेडल दाबलें कीं नळ्यांतील ब्रेक ऑइल कॅलिपरमधील दट्ट्याला पुढें ढकलतें, दट्ट्या आंतला पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिदाबानें सारें कॅलिपर दोन गुळगुळीत खिळींवर सरकून बाहेरचा पॅडहि तबकडीला भिडवितें. या दोन सरकत्या खिळी लक्षांत ठेवाव्या. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें या तबकडीच्या ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. पण त्याचे पॅड तांब्याचे; ते तबकडीला लागले कीं जो कर्कश आवाज निघे, त्यानें कल्पना मागें पडली. त्याच सुमारास हर्बर्ट फ्रूड यानें गाड्यांच्या ब्रेकसाठीं घर्षणाचीं अस्तरें करण्याचा धंदा मांडला होता. पुढें त्यांत ॲस्बेस्टॉस आलें आणि तें कित्येक दशकें टिकलें. १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची जॅग्वार जिंकली आणि १९५५ सालीं सित्रोएन कंपनीनें आपल्या नव्या गाडीला तोच ब्रेक दिला, तेव्हां कोठें लँचेस्टरची कल्पना घरोघरच्या मोटारींपर्यंत पोंचूं लागली. आपल्याकडे त्याला आणखी वेळ लागला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेली जी फियाट ११०० पुढें पद्मिनी या नांवानें मुंबईची टॅक्सी झाली व ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली, तिच्या चारीहि चाकांना मुळांत ड्रमचे ब्रेक असत. आजहि पुष्कळ लहान गाड्यांना मागें ड्रम व पुढें डिस्क अशी विभागणी आढळते. हा लेख पुढच्या डिस्कपुरता आहे.

मुंबईंत पॅड झिजतात ते वेगानें नव्हे, थांबण्यानें. गिरगांवांतून निघून परळ-लालबागमार्गें दादरला यावयाचें म्हणजे पाय पेडलवरून निघतच नाहीं; भाद्रपदांत तर विचारूंच नये. त्यांत केम्प्स कॉर्नरची किंवा वाळकेश्वरची उतरण रोजची वाट असेल तर झीज आणखी. त्यामुळें अमुक हजार किलोमीटर झाले कीं पॅड बदला, हा नियम येथें निरुपयोगी आहे. पाहूनच ठरवावें. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर किंवा थोडा अधिक असतो. तो ३ मिलिमीटरांवर आला कीं बदलण्याची वेळ झाली. बहुतेक पॅडांवर एक पोलादी जीभ असते. थर संपत आला कीं ती तबकडीला घांसून बारीक किंकाळी फोडते. ही किंकाळी म्हणजे पोस्टमननें दिलेली सूचना समजावी. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यावर जो खरखराट येतो, ती जप्ती होय. तेव्हां पॅडाची लोखंडी पाठ तबकडीला कुरतडीत असते आणि पॅडाबरोबर तबकडीचाहि खर्च अंगावर येतो. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तबकडीवर सकाळीं तांबूस गंज दिसतो व पहिल्या दोन-तीन वेळां ब्रेक खरखरतो, त्याला मात्र भिण्याचें कारण नाहीं. चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्यांत तर तें नित्याचेंच आहे.

येथें एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या घरांतून लेखणीला जो मान मिळाला तो पान्याला मिळाला नाहीं. काळे झालेले हात घेऊन मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशीं आला कीं आधीं त्याला दटावणें, मग काय केलेंस म्हणून विचारणें, हा आपला जुना क्रम. वास्तविक मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि एका मोठ्या कारखानदारीचा उगम त्या दुकानांत झाला, हें आपण अभिमानानें सांगतों. पण घरांतल्या सायकलीची साखळी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानांत चढवून घेतों. परळ-लालबागच्या चाळींतून गिरण्यांतले फिटर राहत, त्यांच्या मुलांना ही लाज ठाऊक नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि यंत्राच्या नुसत्या आवाजावरून दुखणें ओळखणारा तो शेजारहि पांगला.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ परळच्या रेल्वे वर्कशॉपांतून निवृत्त झालेले आहेत व हिंदु कॉलनींत मुला-सुनांसह राहतात. घरच्या गाडीचे पॅड ते घरींच बदलतात आणि मदतीला घरांतलें जें कोणी मोकळें असेल तें घेतात. त्यांची पद्धत आम्हीं दोनदां जवळून पाहिली. तीच येथें सांगतों, कारण तींत घाई मुळींच नाहीं.

जागेपासून आरंभ. गिरगांवच्या वाडींत, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांकडे पाठ करून हें काम करूं नये. इमारतीच्या आवारांत सपाट, टणक फरशीची जागा हवी. उतार किंवा पेव्हरखालीं खचलेली माती असेल तर नको. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा किंवा लांकडी पाचरी लावाव्या, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. उचलल्यावर जोर लावला कीं गाडी जॅकवरून सरकण्याचा संभव. मग गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या ठिकाणींच जॅक लावून ती उचलावी, आणि लगेच तिच्या पोटाखालीं लोखंडी स्टँड देऊन भार त्यावर उतरवावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर झालेलें चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरंवशावर हात-पाय आंत घालूं नयेत. या एका बाबतींत त्या गृहस्थांशीं घरांत कोणी वाद घालीत नाहीं. एकदां नातवानें, “आजोबा, दहा मिनिटांचं तर काम आहे, स्टँड कशाला?” असें म्हणतांच त्यांनीं हत्यारें गुंडाळून ठेविलीं आणि त्या दिवशीं काम झालेंच नाहीं.

चाक निघालें कीं कॅलिपर समोर दिसतें. त्याच्या मागच्या बाजूस सरकत्या खिळींचे दोन बोल्ट असतात. पुष्कळ गाड्यांत खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवितां येतें. कांहींत दोन्ही काढावे लागतात. दोन्ही काढले तर कॅलिपर तारेनें वरच्या स्प्रिंगला टांगावें. तें रबरी नळीवर लोंबकळत ठेवणें म्हणजे हातानें अपघाताची तरतूद करणें होय, कारण नळीला आंतून चीर गेली तर ती बाहेरून दिसत नाहीं. जुने पॅड काढतांना कोणता आंतला व कोणता बाहेरचा, जीभ कोणत्या बाजूस होती, हें पाहून ठेवावें. खिशांतील फोनवर एक छायाचित्र घेतलें कीं झालें. एक बाजू पुरी होईपर्यंत दुसऱ्या चाकाला हात लावूं नये, म्हणजे शंका आली तर नमुना समोर असतो. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकाच वेळीं बदलावयाचे. एकीकडे नवे व एकीकडे जुने असले तर ब्रेक लागतांच गाडी एका अंगाला ओढली जाते.

आंतील काळी भुकटी फुंकूं नये, कोरड्या फडक्यानें झटकूं नये, हवेच्या नळीनें तर मुळींच उडवूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतु फुप्फुसांत गेले तर वर्षांनुवर्षांनीं प्राणघातक दुखणीं उद्भवतात. आज नांवाजलेल्या कंपन्या पॅडच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसरहित’ असें छापतात. पण आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर सर्वस्वीं बंदी नाहीं, आणि खोकें नसलेल्या स्वस्त मालांत काय आहे हें विकणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. यासाठीं तोंडाला मास्क, हातांत मोजे, व ओल्या फडक्यानें किंवा ब्रेक क्लीनरनें पुसणें. अंगणांत खेळणारीं मुलें तेवढा वेळ दूर ठेवावीं. पॅड ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या सुट्या भागांच्या दुकानांतून घ्या किंवा कंपनीच्या दुकानांतून, पण बंद खोक्यांत व पावतीनिशीं घ्या. ब्रेकच्या बाबतींत घासाघीस शोभत नाहीं.

तबकडीवरून बोट फिरवून पाहावें. खोल चऱ्या, तडे किंवा निळसर डाग असले, अथवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षां ती पातळ झाली असली, तर नव्या पॅडांनीं कांहीं साधणार नाहीं, तबकडीहि बदलावी. ती ठीक असेल तर पुढचें पाऊल दट्ट्या मागें ढकलण्याचें. जुना पॅड त्यावर ठेवून शिकंज्यानें अगदीं सावकाश दाबावें. दट्ट्या मागें गेला कीं ऑइल परत बॉनेटखालच्या टाकींत चढतें. टाकी आधींच काठोकाठ असेल तर सांडतें, आणि सांडलेलें ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातें. म्हणून एकानें टाकीकडे लक्ष ठेवावें. यानंतर दोन्ही सरकत्या खिळी काढून, पुसून, त्यांवर ब्रेकसाठींच मिळणारें ग्रीस पातळ लावावें. साधें ग्रीस नको. तें रबर फुगवितें. पॅडाच्या घर्षणाच्या बाजूला किंवा तबकडीला ग्रीसचें बोट लागलें तर ब्रेक क्लीनरनें पुसल्याखेरीज पुढें जाऊं नये. मग नवे पॅड, वर कॅलिपर, आणि बोल्ट पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यावर आवळणें. अंदाजानें ‘घट्ट’ म्हणणें येथें पुरेसें नाहीं. चाक बसवून, गाडी खालीं घेऊन, नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे.

आतां सर्वांत महत्त्वाचें पाऊल. आणि गंमत अशी कीं त्याला ना हत्यार लागतें, ना बळ. दट्ट्या आपण मागें ढकलला आहे. तो अजून पॅडाला टेकलेला नाहीं. अशा वेळीं गाडी सुरू करून कोणी आवाराबाहेर काढली, तर पहिल्या दाबाला पेडल फरशीपर्यंत जाईल आणि गाडी थांबणार नाहीं. काम उत्तम झालेलें, पॅड नवे, आणि ब्रेक नाहीं! म्हणून गाडी जागची हलविण्यापूर्वीं पेडल पुन्हां पुन्हां दाबून दट्ट्या पॅडांपर्यंत आणावे लागतात. आम्हीं पाहिलें त्या दिवशीं पेडलवर सूनबाई होत्या.

“अण्णा, पेडल थेट खालीं गेलं!”

“जाणारच. घाबरूं नकोस. हळू दाब, सोड, पुन्हां दाब. कडक लागलं कीं सांग.”

सातव्या-आठव्या वेळीं पेडल वरच कडक थांबलें. तरीहि अण्णांनीं टाकींतील ऑइलची पातळी पाहिली, इंजिन सुरू करून पुन्हां एकदां पेडल दाबवून घेतलें, आवारांतल्या आवारांत पाउलाच्या गतीनें गाडी दोनदां थांबवून पाहिली, आणि मगच किल्ली मुलाच्या हातीं दिली. इतक्यानंतरहि पेडल मऊ, स्पंजासारखें लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे किंवा कोठें गळती आहे असें समजावें. ती गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेऊं नये, मेकॅनिकला घरीं बोलवावें.

घरीं ज्याला हात लावूं नये त्याची गोष्ट येथेंच सांगून टाकतों. ब्रेकच्या नळ्या उघडणें, एबीएसच्या यंत्रणेंतील हवा काढणें, आणि बटणावर चालणारा विजेचा हँडब्रेक असलेल्या गाडीचीं मागचीं चाकें, हीं कामें जाणत्या मेकॅनिकचीं. मागच्या डिस्कांत पुष्कळदां दट्ट्या सरळ दाबावयाचा नसून फिरवीत आंत घालावयाचा असतो. शिकंजा लावला तर तो मोडतो. गंजानें धरलेला बोल्ट निघत नसेल तर हातोड्यानें ठोकीत बसण्यापेक्षां सारें होतें तसें परत बसवून पाहुण्या हाताची वाट पाहावी.

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पुरी पकड देत नाहींत. त्यांच्या थराचा एक पातळ लेप तबकडीवर सारखा बसावा लागतो. त्यासाठीं पहांटे रस्ते रिकामे असतांना, मागें वाहन नाहीं असें पाहून, ताशीं ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबानें आठ-दहा वेळां गति कमी करावी, पूर्ण थांबूं नये, आणि मधून ब्रेक निवूं द्यावे. पुढचे दोन-तीनशें किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमींपेक्षां अधिक अंतर ठेवावें. घाटाचा बेत त्या आठवड्यांत करूं नये.

ब्रेक ऑइलविषयीं एक शब्द. तें हवेतील ओलावा शोषून घेतें, आणि मुंबईच्या हवेंत ओलाव्याची वाण नाहीं. डॉट-४ जातीचें ऑइल नवें व कोरडें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. त्यांत पाणी मुरल्यावर ठरलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत ब्रेक तापले कीं अशा ऑइलची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल पायाखालून निघून जातें. नवे पॅड त्या वेळीं उपयोगी पडत नाहींत. दोन वर्षांनीं तें बदलून घ्यावें. तुंबलेल्या पाण्यांतून गाडी काढावी लागली असेल तर बाहेर पडतांच पेडल हलकें दाबून थोडें अंतर जावें, म्हणजे तबकड्या सुकतात.

काढलेले जुने पॅड फेंकण्याची घाई करूं नये. ते कागदावर ओळीनें मांडावे. चारी सारखे झिजले असतील तर ब्रेकची प्रकृति ठीक आहे. एका चाकाचा आंतला पॅड संपला आणि बाहेरचा जाडच राहिला, तर त्या बाजूच्या सरकत्या खिळी अडकल्या आहेत. थर एका टोकाला पातळ व दुसऱ्याला जाड असेल तर कॅलिपर तिरपें बसत आहे. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकाच्या मानानें फारच झिजले असतील तर तेथला दट्ट्या परत सरकत नाहीं असें समजून गाडी मेकॅनिकला दाखवावी. नव्या पॅडांच्या रिकाम्या खोक्यावर तारीख व किलोमीटरचा आंकडा लिहून तें गाडीच्या कप्प्यांत ठेवावें, आणि दर पांच हजार किलोमीटरांनीं चाकाच्या फटींतून विजेरीचा झोत टाकून थर किती उरला आहे तें पाहावें.